पे ड्रायव्हर : मोटर शर्यतीतील पैसा आणि गुणवत्ता

पे ड्रायव्हर : संघाकडून मानधन घेण्याऐवजी घरचा किंवा प्रायोजकाचा पैसा संघाला देऊन शर्यतीच्या गाडीत जागा मिळवणारा चालक. या जागेला शर्यतीच्या वर्तुळात ‘सीट’ म्हणतात आणि तिची किंमत दर हंगामाला नव्याने ठरते. फॉर्म्युला वनमध्ये हा शब्द हिणवण्यासाठी वापरतात. त्याखालच्या फॉर्म्युला टू, थ्री आणि फोर या पायऱ्यांवर मात्र जवळजवळ प्रत्येक चालकामागे कुणी ना कुणी पैसे भरत असते. कधी वडील, कधी तेलकंपनी, कधी फॉर्म्युला वनमधलाच एखादा संघ. त्यामुळे ‘पैसा की गुणवत्ता’ हा वाद जगज्जेतेपदाच्या पातळीवर रंगतो तेव्हा खरी निवड होऊन दहा वर्षे उलटलेली असतात. पैसा नसलेली मुले त्याआधीच गळालेली असतात आणि त्यांची नोंद कोणत्याही निकालपत्रकात सापडत नाही.

ही गळती समजून घ्यायची तर खर्चाचा मार्ग पाहावा लागतो. बहुतेक चालक सात-आठ वर्षांच्या वयात कार्टिंगने सुरुवात करतात. स्पर्धेच्या दर्जाची कार्टची चौकट बहुधा इटलीहून येते, भारतातील राष्ट्रीय स्पर्धेत वापरले जाणारे रोटॅक्स इंजिन ऑस्ट्रियाहून. त्यावर टायर, इंजिनाची वारंवार करावी लागणारी फेरबांधणी, मेकॅनिक, प्रवेशशुल्क आणि प्रवास. पंधराव्या वर्षी फॉर्म्युला फोर, मग थ्री, मग टू. फॉर्म्युला टूच्या एका हंगामासाठी संघाला साधारण २० ते ३० लाख युरो, म्हणजे सुमारे २० ते ३० कोटी रुपये द्यावे लागतात, असे सांगितले जाते. फॉर्म्युला वनच्या दारात ‘सुपर लायसन्स’ लागते. २०१५ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेन सतराव्या वर्षीच फॉर्म्युला वनमध्ये उतरल्यावर मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१६ पासून नियम कडक केले : किमान वय १८ आणि तीन वर्षांत ४० गुण. हे गुण मुख्यतः युरोपातील स्पर्धांमधून मिळतात. म्हणून भारतीय मुलाला मिसरूड फुटण्याआधीच घर, शाळा आणि देश सोडावा लागतो आणि तो खर्च वेगळाच.

पैशाने वेग विकत मिळत नाही; सरावाचे किलोमीटर मिळतात. टायर कुठल्या वळणावर पकड सोडतो, पावसात ब्रेक किती आधी दाबायचा, हे हजारो किलोमीटर गाडी चालवूनच अंगात मुरते. २००९ पासून फॉर्म्युला वनमध्ये हंगाम चालू असताना सराव चाचण्या करण्यावर मोठी बंधने आली, पण जुन्या गाड्यांवरचा खासगी सराव चालू राहिला. कॅनडाच्या लान्स स्ट्रोलने २०१७ मध्ये विल्यम्स संघात पदार्पण करण्याआधी संघाची २०१४ ची गाडी घेऊन निरनिराळ्या ट्रॅकवर असा दीर्घ सराव केला. त्याच वर्षी बाकू येथे अठराव्या वर्षी तो तिसरा आला. त्या तिसऱ्या क्रमांकात हाताचे कसब किती आणि आधी चालवलेले किलोमीटर किती, हे वेगळे काढता येत नाही. पैसा आणि गुणवत्ता यांना दोन पारड्यांत घालून तोलण्याचा प्रयत्न म्हणूनच फसतो.

या खेळात पैसा उपरा कधीच नव्हता. १९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झाले तेव्हा अनेक चालक स्वतःच्या गाड्या घेऊन येणारे धनिक होते. सयामचा राजपुत्र बिरा हा त्यांतला ठळक माणूस. चुलतभाऊ चुला याच्या पैशावर उभा राहिलेला त्याचा संघ युरोपात नावाजलेला होता. १९६८ मध्ये लोटस संघाने आपल्या गाड्यांना ‘गोल्ड लीफ’ सिगारेटचे रंग दिले. तेव्हापासून राष्ट्रीय रंगांची जागा जाहिरातीने घेतली आणि प्रायोजक आणू शकणारा चालक ही नवी जात जन्माला आली.

या जातीची बदनामी करणाऱ्यांनी निकी लाउडाचे उदाहरण अवश्य पाहावे. व्हिएन्नातील श्रीमंत घराण्यातला हा मुलगा. पण घराण्याचा शर्यतीला विरोध होता आणि आजोबांनी त्याला मिळू घातलेले बँकेचे अर्थसाहाय्य अडवले. लाउडाने दुसऱ्या बँकेकडून आयुर्विम्याच्या तारणावर कर्ज काढले आणि १९७२ च्या हंगामासाठी मार्च संघातली सीट विकत घेतली. गाडी निकृष्ट निघाली, गुण एकही मिळाला नाही, डोक्यावर कर्ज तेवढे राहिले. पुढच्या वर्षी बीआरएम संघात असताना मोनाकोत त्याने दाखवलेला वेग फेरारीच्या नजरेत भरला आणि १९७४ मध्ये फेरारीने त्याला घेतले. १९७५, १९७७ आणि १९८४ असे तीनदा तो जगज्जेता झाला. पैसे भरून आलेला म्हणून १९७२ मध्येच त्याला कुणी दार दाखवले असते तर हा इतिहास घडलाच नसता. मायकेल शूमाखरचेही तसेच. १९९१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे जॉर्डन संघाकडून त्याने पहिली शर्यत केली ती मर्सिडीजने त्याच्यासाठी पैसे मोजले म्हणून. पात्रता फेरीत तो सातवा आला आणि पुढचे सर्वांना माहीत आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. व्हेनेझुएलाच्या सरकारी तेलकंपनीच्या पैशावर २०११ मध्ये विल्यम्समध्ये आलेला पास्तोर माल्दोनादो अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला, पण २०१२ ची स्पॅनिश शर्यत त्याने जिंकली, हेही विसरता कामा नये. तेलाचा पैसा आटला तसा २०१६ च्या हंगामापूर्वी तो बाहेर पडला. त्याच वर्षी इंडोनेशियाच्या रिओ हरयांतोचा निधी मधेच संपला. त्याच्या जागी मॅनोर संघाने घेतलेला एस्तेबान ओकाँ हा गॅरेज चालवणाऱ्या बापाचा मुलगा. त्याच्या शर्यतीसाठी कुटुंबाने घर विकले होते. पण मॅनोरच्या दारात तो पोचला तो मर्सिडीजच्या पाठबळावर. घर विकूनही पाठीराखा लागतोच. २०२१ मध्ये रशियाचा निकिता माझेपिन वडिलांशी निगडित खत कंपनीच्या प्रायोजकत्वासह हास संघात आला आणि वर्षभर शून्य गुणांवर राहिला. सहकारी मिक शूमाखरही शून्यावरच होता, कारण संघाने त्या गाडीत सुधारणा करणे जवळजवळ थांबवले होते. युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये माझेपिनचा करार संपवण्यात आला.

चालकाचे कसब मोजायची त्यातल्या त्यात प्रामाणिक पट्टी एकच : त्याच संघात, तशाच गाडीत बसलेला सहकारी. बाकी सारे आकडे गाडीच्या दर्जाने झाकोळलेले असतात.

भारतात मोटर शर्यत दीर्घकाळ संस्थानिक आणि उद्योगपतींचा छंद होती. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर गोंडलचे महाराज आणि विजय मल्ल्या परदेशी गाड्या पळवत. या चित्रात वेगळा उठून दिसणारा माणूस म्हणजे कोइमतूरचे एस. करिवर्धन. स्वतः गिरणीमालक घराण्यातले असूनही त्यांनी मारुती ८०० चे इंजिन घालून स्वस्त एकआसनी शर्यतगाडी बनवली आणि ‘फॉर्म्युला मारुती’ नावाची स्पर्धा उभी राहिली. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्या नावाने ओळखला जातो. नारायण कार्तिकेयन याच फॉर्म्युला मारुतीतून पुढे आला. प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते भारतीय शर्यतीतील सर्वांत मोलाचे काम हेच, कारण करिवर्धन यांनी पैसा चालकाच्या खिशात न घालता शर्यतीचा खर्चच खाली आणला.

कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. टाटा समूहाचे प्रायोजकत्व त्याच्या पाठीशी होते. इंडियानापोलिस येथे टायरच्या वादामुळे सहाच गाड्या धावल्या, त्यात तो चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. २०११ मध्ये एचआरटी संघात त्याची सीट हंगामाच्या मध्यावर डॅनियल रिकार्डोकडे गेली. रिकार्डोच्या मागे रेड बुल होते, पण तो निःसंशय वेगवानही होता. त्याआधी २०१० मध्ये चेन्नईच्या करुण चंढोकला त्याच संघाने पहिल्या दहा शर्यतींनंतर बाजूला केले आणि प्रायोजक घेऊन आलेल्या साकोन यामामोतोला बसवले. एकाच संघातल्या या दोन बदल्यांत पैशाची दोन्ही रूपे दिसतात.

महाराष्ट्रातून फॉर्म्युला वनच्या सर्वांत जवळ पोचला तो मुंबईचा जेहान दारूवाला (जन्म १९९८). फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघाने २०११ मध्ये देशभर घेतलेल्या ‘वन फ्रॉम अ बिलियन’ शोधमोहिमेत निवडलेल्या तिघांपैकी तो एक. मुंबईत रायोमंद बनाजी यांच्या मार्गदर्शनाखाली तो घडला. वडील खुर्शीद दारूवाला स्टर्लिंग अँड विल्सन या उद्योगाचे प्रमुख. म्हणजे घरची बाजू भक्कम होती. त्याच्या कारकिर्दीचा खरा कस ६ डिसेंबर २०२० च्या रविवारी बहरीनमधील साखीर येथे लागला. फॉर्म्युला टूमधली शर्यत जिंकणारा पहिला भारतीय तो त्या दिवशी ठरला. त्याच संध्याकाळी त्याच ट्रॅकवर सर्जिओ पेरेझने फॉर्म्युला वनमधली आपली पहिली शर्यत जिंकली. मेक्सिकोच्या दूरसंचार उद्योगाच्या पैशावर आलेला म्हणून पेरेझला वर्षानुवर्षे टोमणे ऐकावे लागले होते आणि पुढच्या हंगामासाठी त्याच्या हाती तेव्हा सीटच नव्हती. ती त्याला नंतर रेड बुलने दिली. दारूवालाच्या शर्यतीत दुसरा आला तो त्याचाच संघसहकारी, जपानचा युकी त्सुनोदा. दोघेही रेड बुलच्या युवा चमूत होते. दहा दिवसांनी त्सुनोदाची फॉर्म्युला वनमधली सीट जाहीर झाली. त्याच्या मागे होंडाचे वजन होते हे खरे. पण हंगामाच्या तक्त्यात तो तिसरा आणि दारूवाला बारावा होता हेही खरे. वर सांगितलेल्या पट्टीने त्या वर्षी त्सुनोदा सरस ठरला, एवढे मान्य करावे लागते.

दारूवालाने फॉर्म्युला टूमध्ये चार हंगाम काढले. २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे मॅकलारेनची गाडी चाचणीत चालवली आणि २०२४ च्या हंगामात विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत मासेराती संघाकडून तो उतरला. पैसा होता, वेगही होता, तरी शेवटचे दार उघडले नाही. श्रीमंताच्या मुलाला सारे फुकट मिळते असे समजणाऱ्यांना हे सांगणे अगत्याचे आहे.

कोल्हापूरची परंपरा वेगळी. तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. खासदार धनंजय महाडिक यांचे पुत्र कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये डबल आर संघाकडून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावले. हा तोच जिल्हा, जिथल्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी मल्ल खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मल्लाला हेलसिंकीपर्यंतचे भाडे हवे होते. कसब त्याने तालमीच्या मातीत आधीच कमावले होते. शर्यतीच्या चालकाला ते कमावतानाच प्रत्येक फेरीला पैसे मोजावे लागतात, म्हणून एका थोर शिक्षकाचे घर इथे पुरे पडत नाही.

पुण्याच्या डायना पंडोल यांचा मार्ग नोंदण्यासारखा आहे. दोन मुलांची आई असलेल्या या शिक्षिकेने २०१८ मध्ये जेके टायरच्या महिलांसाठीच्या उपक्रमातून शर्यतीत प्रवेश केला आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय कार शर्यत अजिंक्यपद जिंकणारी पहिली भारतीय महिला हा मान मिळवला. कंपनीने निवड करून गाडी द्यायची, ही पद्धत वडिलांच्या धनादेशापेक्षा अधिक न्याय्य आहे.

छत्रपती संभाजीनगरचा विचार केला की या विषयातली विसंगती टोचते. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आहे. शेंद्र्यात स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. पुढे ऑडीच्या गाड्याही तिथेच जुळू लागल्या. ब्रेक आणि सस्पेन्शन बनवणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी वाळूजचीच, आणि बिडकीन येथील प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये राज्य शासनाशी करार केला. गौरव गिलने आशिया-पॅसिफिक रॅलीचे अजिंक्यपद तीनदा पटकावले (२०१३, २०१६, २०१७) ते स्कोडा फाबियावर, मात्र ती गाडी चेक प्रजासत्ताकातली. या शहरात गाडीचा नट ओळखणारी हजारो कुटुंबे आहेत. पण इथल्या कामगाराच्या मुलाला राष्ट्रीय शर्यत पाहायची तर चेन्नई किंवा कोइमतूर, म्हणजे हजार किलोमीटर. कोल्हापूरचा कार्ट ट्रॅक गाठायचा तरी साडेचारशेच्या पुढे. त्या मुलाचा हात किती वेगवान आहे, हे तपासण्याची सोयच इथे नाही.

कमी खर्चाचे मार्ग अगदीच नाहीत असे नाही. निसान आणि प्लेस्टेशन यांच्या ‘जीटी अकादमी’ने व्हिडिओ खेळातून निवडलेल्यांना खऱ्या गाडीत बसवले, ब्रिटनचा यान मार्डेनबरो त्यातून व्यावसायिक चालक झाला. भारतात एलजीबी फॉर्म्युला फोर या वर्गात मारुतीचे १३०० सीसी इंजिन लावलेल्या गाड्या धावतात. युरोपातल्या फॉर्म्युला फोरच्या तुलनेत तो खर्च बराच कमी आहे. राज्यातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धेसाठी स्वतः गाड्या बांधून पिथमपूरला नेतात, तेव्हा बांधणीचे कौशल्य इथे आहे याविषयी शंका उरत नाही. करिवर्धन यांनी कोइमतूरच्या कारखानदारीच्या जोरावर जे केले, त्यासाठी लागणारे टूल रूम, लेथवरचे कारागीर आणि सुटे भाग बनवणारे लघुउद्योजक वाळूज-शेंद्र्यात आजही कामावर आहेत. उणीव आहे ती एक किलोमीटरच्या कार्ट ट्रॅकची, सामायिक वापराच्या दहा-बारा कार्टची आणि मुलांची निवड घड्याळावर, आडनाव न विचारता करणाऱ्या एखाद्या कंपनीची.