फाइलींची यादी आणि तारखेची साक्ष

१/ पेशवेकालीन मराठी पत्रांत पुष्कळदा चंद्र आणि महिना असतो. वर्ष मात्र नसते. मग मजकुरातील मोहिमा, नेमणुका, मृत्यू यांवरून संशोधकाला पत्राचा काळ ठरवावा लागतो. संगणकातील फाइलीवर तारीख यंत्रच नोंदवते, म्हणून ती निर्विवाद वाटते. ती खरोखर तशी आहे काय? फाइलींच्या यादीचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

२/ केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी लिहिलेली युनिक्सची पहिली नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात ‘एलएस’ ही आज्ञा आहे. ती फाइलींची नावे सांगते. ‘टी’ हे अक्षर जोडले की नवी फाइल आधी, जुनी नंतर. ‘>’ या एका चिन्हाने ती यादी टेलिटाइपच्या कागदावर न उमटता दुसऱ्या फाइलीत जाई. यादी हाच एक दस्तऐवज झाला.

३/ त्या युनिक्सची कालगणना १ जानेवारी १९७१ पासून, सेकंदाच्या साठाव्या भागांत होती. ३२ बिटांची ही मोजणी अडीच वर्षांच्या आतच भरून जाणार होती. पुढे एकक सेकंद झाले आणि आरंभ १ जानेवारी १९७० ठरला. जेथे ही गणना आजही ३२ बिटांत आहे, तेथे तिची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते.

४/ ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. बंद केल्यावरही चालू राहणारे घड्याळ त्यात नव्हते. सुरू होताना यंत्र तारीख विचारी. उत्तर न देता ‘एंटर’ दाबले की १ जानेवारी १९८० धरली जाई. जुन्या फ्लॉपीवर ही तारीख दिसली, तर तिचा अर्थ बहुधा इतकाच की त्या दिवशी कोणी तारीख भरली नाही.

५/ डॉसच्या पाचव्या आवृत्तीत (१९९१) ‘डीआयआर’ या आज्ञेने तारखेच्या क्रमाने केवळ नावांची यादी मिळू लागली. विंडोजच्या खिडक्यांत यादी देखणी झाली, पण ‘कॉपी’ म्हटले की नावांऐवजी फाइलींचीच नक्कल होई. क्रिस्टियन गिस्लर यांच्या विंडोज कमांडरने (१९९३, २००२ पासून टोटल कमांडर) वेगळी वाट धरली. या प्रोग्रॅममध्ये तारखेची अट घालून फाइली निवडता येतात आणि त्यांची नावे मजकूर म्हणून क्लिपबोर्डवर घेता येतात.

६/ पण तारखेची अट म्हणजे कोणत्या तारखेची? १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस ही फाइलव्यवस्था निर्मिती, बदल आणि वापर अशा वेगवेगळ्या वेळा नोंदवते. विंडोजमध्ये फाइलीची नक्कल केली की बदलाची तारीख जुनीच राहते, निर्मितीची मात्र आजची होते. त्यामुळे २००९ मध्ये शेवटचा बदल झालेली फाइल २०२४ मध्ये ‘निर्माण’ झालेली दिसते. त्याच फाइली, तोच कालखंड; तरी निर्मितीवरून गाळलेली यादी निराळी आणि बदलावरून गाळलेली निराळी.

७/ अभ्यासकाला याची झळ थेट बसते. रुमालातील पत्राचे छायाचित्र मोबाइलवर घेतले, तर फाइलीची तारीख छायाचित्राची असते, पत्राची नव्हे. म्हणून पत्राची निश्चित झालेली तारीख फाइलीच्या नावातच लिहावी, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: १७६१-०१-१४. आयएसओ ८६०१ या १९८८ च्या मानकाचा हाच क्रम आहे. त्यामुळे नावांचा क्रम लावला की कालक्रम आपोआप लागतो.

८/ संग्रह दुसऱ्या डिस्कवर नेण्यापूर्वी यादी उतरवून ठेवावी. तिच्या माथ्यावर लिहावे: कोणत्या फोल्डरची, कोणत्या दिवशी काढलेली, निर्मितीच्या तारखेने गाळलेली की बदलाच्या. पुढे नकला होतील, तारखा बदलतील. मूळ संग्रहात काय होते हे त्या यादीवरूनच कळेल. वर्ष न लिहिलेल्या पत्रांनी संशोधकांना किती श्रम दिले हे आपण जाणतो. आपल्या मागून येणाऱ्यांवर तीच वेळ आणू नये.