चकती जुनीच राहते

विंडोज नव्याने टाकली, तरी लॅपटॉप गोगलगायच! हिंगणघाट, पुलगावकडून ऐकू येणाऱ्या या तक्रारीचे मूळ शोधायला १९५६ सालात जावे लागते.

त्या वर्षी अमेरिकेत आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, कपाटाएवढा पसारा आणि मावत किती, तर ५० लाख अक्षरे! चकत्या मिनिटाला १२०० फेऱ्या घेत. २००७ मध्ये एक टेराबाइटची डिस्क आली. साठवण दोन लाख पट झाली. फिरण्याचा वेग मात्र लॅपटॉपमध्ये बहुधा ५४०० फेऱ्यांवरच थांबला; जेमतेम साडेचार पट. कोठार वाढले, दार अरुंदच राहिले. आजच्या प्रणाली मागच्या मागे सतत काही वाचत-लिहीत असतात, त्यांची गर्दी याच दारात होते.

प्रणाली पुन्हा टाकल्याने चकतीवरचे लिखाण बदलते, चकती नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभर टक्के दिसली, तर संशय तिच्यावर घ्यावा. ती खराब होत असेल, तर प्रणाली पुन्हा पुन्हा टाकण्याचा हट्ट नको. मुलांचे फोटो, शेतीचे कागद कायमचे जातात. आधी ते दुसरीकडे उतरवावेत, मग न फिरणारी एसएसडी बसवावी.

आणि आपला वर्ध्याचा मे महिना! पारा पंचेचाळीसवर, पंख्यात धूळ. प्रोसेसर तापून बिघडू नये म्हणून आपणहून वेग उतरवतो. जिनिंगच्या आसपास तर हवेत रुईचे तंतूही असतात. तिथे आधी पंखाच साफ करून घ्यावा.