सिंहलचा ‘वांदुरा’ आणि सह्याद्रीचे माकड

अठराव्या शतकातील युरोपीय वाचकाला दूरदेशीचे प्राणी भेटत ते बहुधा ताम्रपटावर कोरून छापलेल्या चित्रांतून. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांच्या ‘इस्त्वार नातुरेल’ या ग्रंथमालेचा चौदावा खंड १७६६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘उआंदेरू’ या नावाने एका काळ्या माकडाचे वर्णन व चित्र आहे. चेहऱ्याभोवती दाट आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. हेच आपले सिंहपुच्छ माकड.

नाव मात्र त्याचे नव्हते. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज दर्यावर्दी सुमारे वीस वर्षे श्रीलंकेत बंदिवासात होता. १६८१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने तेथील करड्या रंगाच्या, काळ्या तोंडाच्या व पांढऱ्या दाढीच्या वानरांचे वर्णन केले आणि स्थानिक लोक त्यांना काय म्हणतात तेही नोंदवले. सिंहली भाषेतील तो शब्द म्हणजे ‘वांदुरा’. आपल्या ‘वानर’ शब्दाचा सख्खा भाऊ. मराठीत माकड वेगळे आणि वानर वेगळे. नॉक्सने पाहिले ते वानर होते. ब्युफाँच्या ग्रंथात ते नाव माकडाला चिकटले. दाढी दोघांनाही होती, एवढेच साम्य.

पत्ताही चुकलाच. लिनियस यांनी १७५८ साली या माकडाला ‘सिमिया सिलेनस’ असे नाव दिले, तेव्हा त्याचे वसतिस्थान म्हणून श्रीलंकेचा उल्लेख केला. वास्तविक हे माकड श्रीलंकेत आढळतच नाही. केरळ, कर्नाटक व तमिळनाडूतील सह्याद्रीची सदाहरित अरण्ये हेच त्याचे जगातील एकमेव नैसर्गिक घर.

अशी चूक टिकून का राहिली, याचे उत्तर त्या चित्रकलेच्या रीतीत सापडते. ब्युफाँचे चित्रकार जाक द सेव्ह यांच्या अनेक चित्रांत प्राण्यांमागे त्यांचे अरण्य नसून कल्पित भूदृश्ये व प्राचीन अवशेष दिसतात. पुढे जर्मनीत श्रेबर यांनी १७७४ पासून सस्तन प्राण्यांचा सचित्र ग्रंथ काढला. त्यातील कित्येक चित्रे ब्युफाँच्या चित्रांवरून घेतलेली होती. छापील चित्र पाहून नवा पट कोरला की छापताना आकृतीची डावी बाजू उजवीकडे जाई; चित्राखालचे नाव मात्र जसेच्या तसे पुढे जाई. प्राण्याचा देह हुबेहूब उतरला, त्याचा देश मात्र हरवला.

सिंहपुच्छ माकडाच्या बाबतीत देश हरवणे ही किरकोळ बाब नव्हे. ते क्वचितच जमिनीवर उतरते. वृक्षांच्या सलग छत्रावरच त्याचे जीवन चालते. विसाव्या शतकात केरळातील सायलेंट व्हॅली येथे कुंतिपुळा नदीवर जलविद्युत प्रकल्प योजला गेला, तेव्हा ‘हे माकड नेमके कुठे राहते’ हाच प्रश्न देशव्यापी वादाच्या केंद्रस्थानी आला. प्रकल्प मागे पडला आणि १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. तरीही या जातीचा समावेश आज संकटग्रस्त प्राण्यांत होतो. वालपराईच्या चहामळ्यांमध्ये अरण्याचे तुकडे उरले असून, रस्ता ओलांडण्यासाठी तेथे झाडांना जोडणारे झुलते पूल बांधावे लागले आहेत.

जुन्या ताम्रचित्रांकडे कौतुकाने अवश्य पाहावे. मात्र माकडापाठीमागची जागाही पाहावी. चित्रकाराने जे अरण्य वगळले, तेच आज राखायचे आहे.