शब्दाला शब्द जोडताना

आपल्या मनात कल्पना येतात तरी कुठून, हे चक्क मोजून पाहण्याचं एका इंग्रज गृहस्थानं मनावर घेतलं. त्याचं नाव फ्रान्सिस गॉल्टन. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यानं तो सुमारे साडेचारशे यार्ड सावकाश चालला. दिसेल त्या वस्तूकडे नीट पाहायचं आणि तिच्यावरून काय आठवतं इकडे लक्ष ठेवायचं. तीनशेएक वस्तू झाल्या. आपल्या मनाची श्रीमंती पाहून स्वारी खूष! पण काही दिवसांनी त्याच रस्त्यानं पुन्हा गेला, तर जुन्याच कल्पना परत भेटू लागल्या. नाटकातल्या मिरवणुकीत मोजकीच माणसं पडद्यामागून फिरून पुन्हा पुन्हा रंगभूमीवर येतात ना, तसा प्रकार.

मग त्यानं ७५ शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठी पुस्तकाखाली ठेवायची; पुढे वाकलं म्हणजे शब्द दिसावा. दिसताच घड्याळ सुरू करायचं, एकदोन कल्पना सुचल्या की थांबवायचं. महिन्यामहिन्याच्या अंतरानं ही यादी त्यानं चार वेळा चालवली. हिशेब १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला: ६६० सेकंदांत ५०५ कल्पना, आणि त्यांत निरनिराळ्या किती, तर अवघ्या २८९! ज्यांचा काळ सांगता आला, त्यांतल्या शेकडा ३९ लहानपणच्या आणि विद्यार्थिदशेतल्या निघाल्या. (याच गॉल्टननं १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द काढला. माणसांची निपज सुधारण्याच्या त्या विचारानं पुढं फार अनर्थ केला, हेही सांगायला हवं.)

पुढं झ्युरिकला कार्ल युंगनं शंभर शब्दांची यादी रोग्यांपुढं वाचली. उत्तर कुठं अडखळतं, यावर त्याची नजर. मधोमध शब्द लिहून त्याला फांद्या फोडण्याची आकृती लोकप्रिय केली ती टोनी ब्यूझाननं, १९७४ मध्ये बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर. ‘माइंड मॅप’ हे नाव तेव्हापासून गाजलं. तशा आकृत्या मात्र लोक आधीही काढीत.

ब्यूझानचे रंगीत खडू शिक्षकांनी जरूर घ्यावेत, पण गॉल्टनचा आकडा विसरू नये. पहिल्या फेरीत सुचतं ते बहुतेक वापरून गुळगुळीत झालेलं असतं. आकृतीचा फायदा असा की, ते एकदा फळ्यावर उतरलं म्हणजे डोळ्यांपुढं राहतं. तेच पुन्हा सांगण्यात मुलांना गंमत वाटत नाही.

समजा, फळ्यावर मधोमध ‘विहीर’ लिहिलं. सारा वर्ग ओरडणार: पाणी, दोर, बादली, मोटर. इथं थांबलात तर चाळीस वह्यांत एकच निबंध. पण ‘मोटर’ला पुढची रेघ काढा. वीज. विजेपुढं? मागच्या बाकावरचा एखादा हळूच म्हणेल, ‘रात्री येते.’ मग बॅटरी, मग चिखलातली पावलं, मग बाप परत येईस्तोवर जागी बसलेली आई. त्या पोराला म्हणावं, बाळ, आता लिहायला घे.