पाकिटाच्या मागची बाजू



गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटाला शेव-चकलीची ऑर्डर मिळाली. बेसनासाठी आम्ही तालुक्याच्या बाजारातून पाकिटं आणली. त्यातल्या एकाचा भाव बराच कमी होता. समोर चणाडाळीचं चित्र आणि मोठ्या अक्षरात नाव. गटातल्या एका ताईंच्या दहावीतल्या मुलीने ते उलटं करून वाचलं. मागे बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, आधी वाटाणा डाळ, मग चणाडाळ. समोर ‘बेसन’ हा शब्द नव्हताच. चित्र पाहून तो आम्हीच मनात वाचला होता.

ती बारीक ओळ तिथे कशी आली? विकणाऱ्याने ती खुशीने लिहिलेली नाही. तिच्यामागे इतिहास आहे, आणि त्यातला एक धागा आपल्या धानाच्या बांधीतून जातो.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना लाखोरी विचारा. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत बी फेकायचं, नांगरणी नाही, पाणी देणं नाही. बाकी पिकं बुडाली तरी लाखोरी हाती यायची. घात तिथेच होता. दुसरं काही नसताना माणसं महिनोन्‌महिने तीच खायची आणि पायातलं बळ जायचं. सागर भागात 1830 च्या सुमारास गहू बुडाला, लोकांनी लाखोरीच्या जातीची डाळ खाल्ली आणि तरणीताठी माणसं पायाने अधू झाली, असं स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. हा सागर आणि आपला जुना चांदा जिल्हा पुढे एकाच मध्य प्रांतात होते. तेव्हा गडचिरोली वेगळा नव्हता. तो 1982 साली झाला.

स्वातंत्र्यानंतर 1954 साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या नियमांत 1961 साली लाखोरीच्या विक्रीवर बंदी आली. पण लाखोरी स्वस्त, तूर-चणा महाग, म्हणून तिची भेसळ होत राहिली. आपल्या आज्या डाळ तळहातावर घेऊन पाहायच्या. लाखोरीचा कोनेदार दाणा त्यांना लगेच ओळखू यायचा. पण दळून पीठ झालं की डोळा काय करणार?

तेलाचंही तसंच झालं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. हजारो लोक आजारी पडले, साठाहून जास्त दगावले. त्यानंतर खाद्यतेल बंद पाकिटातच विकावं असा आदेश निघाला.

म्हणजे पाकीट आलं ते आपल्या रक्षणासाठी. पण बंद पाकिटात हात घालता येत नाही, हुंगता येत नाही. म्हणून आतलं काय ते बाहेर लिहायला लावावं लागलं. 1977 च्या नियमांनी वजन, किंमत आणि बनवणाऱ्याचं नाव छापणं बंधनकारक केलं. 1990 पासून सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत छापली जाऊ लागली. 2001 साली शाकाहाराचा हिरवा ठिपका आला. 2006 साली नवा अन्नसुरक्षा कायदा झाला, तो 2011 पासून लागू आहे.

पण फसवणाराही हुशार. कायदा मागच्या बाजूला लिहायला लावतो, तर तो समोरच्या बाजूवर चित्र रंगवतो. ‘फळांचा’ म्हणून घेतलेल्या सरबतात आधी पाणी आणि साखर निघते. म्हणून किराणा घेताना आम्ही आता एवढं पाहतो:

घटकांची यादी. जे वजनाने सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी लिहायचं असा नियम आहे. पहिली तीन नावं वाचली तरी पुष्कळ कळतं.

वजन. पाकीट तेवढंच, किंमत तीच आणि आतले ग्रॅम कमी, असं होतं. 2021 साली नियम बदलून ठरावीक वजनांचं बंधन काढलं, पण एका ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं ते छापायला लावलं. तुलना त्या आकड्याची करायची.

तारीख आणि परवाना. चौदा आकडी नंबर आहे का, मुदत संपली का, हे पाहायचं.

मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत चालतो, मराठीचं बंधन नाही. म्हणून आमच्या गटात बाजाराला जाताना वाचता येणारी एक मुलगी सोबत असते. लाज वाटू देऊ नका, दुकानात थांबून वाचा. तक्रार असेल तर बिल जपून ठेवा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

शेवटी आमचीच गोष्ट. ते स्वस्त पीठ वापरलं असतं तर त्या ऑर्डरीत चार पैसे जास्त सुटले असते. गटात त्यावर वाद झाला, दोघीतिघींचं मत वापरावं असंच होतं. मग एका आजींनी विचारलं, “आपल्या पाकिटावर काय लिहाल?” सगळ्या गप्प झाल्या. आम्ही चणाडाळ आणून गिरणीवर समोर उभं राहून दळून घेतली. नफा कमी झाला. पण आमच्या पाकिटावर घटकांत पहिलं नाव चणाडाळीचं आहे आणि आत तीच आहे.