कॅनबेरा ते गणेशखिंड : रँग्लर परांजपे यांच्या चरित्रातील एक उपेक्षित प्रकरण

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे नाव उच्चारताच महाराष्ट्रातील वाचकास केंब्रिजचे १८९९ चे यश आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद ह्या दोन गोष्टींचे स्मरण होते. ‘रँग्लर’ ही पदवी त्यांच्या नावाशी इतकी एकरूप झाली, की पुढील अर्धशतकातील त्यांचे कार्य तिच्या छायेत झाकून गेले. १९४४ ते १९४७ ह्या काळात ते ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर, म्हणजे आजच्या परिभाषेत उच्चायुक्त, होते. आणि १९५६ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. चरित्रपर लेखनात हे दोन्ही अधिकार एका वयोवृद्ध विद्वानाला लाभलेले मानसन्मान म्हणून नोंदविले जातात. त्यांतील पहिल्या अधिकाराचे स्वरूप तपासून पाहिल्यास ही समजूत अपुरी ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोलीजवळील मुर्डी ह्या गावी झाला. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे आप्त. त्यांच्या आश्रयाने परांजप्यांचे शिक्षण पुढे गेले. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले व १८९९ मध्ये जॉर्ज बर्टविसल यांच्यासह सीनियर रँग्लर ठरले. सरकारी नोकरीचा सुलभ मार्ग सोडून त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पतकरले आणि दरमहा पंचाहत्तर रुपये वेतनावर १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्यपद व गणिताचे अध्यापन हाती घेतले. कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच होते.

राजकारणात ते गोखल्यांच्या नेमस्त परंपरेचे. १९०५ साली पुण्यात झालेल्या परदेशी कापडाच्या होळीबद्दल विनायक दामोदर सावरकर ह्या विद्यार्थ्यास त्यांनी दंड केला व वसतिगृहातून काढले. ह्या निर्णयावर राष्ट्रीय पक्षाने केलेली टीका त्यांच्या नावाला कायमची चिकटली. परंतु नेमस्तपणा म्हणजे सरकारची हांजी हांजी, असे समीकरण येथे लागू पडत नाही. मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्या कारकीर्दीत झाला. पुढे १९२४ मध्ये नेमलेल्या मुडीमन समितीत त्यांनी सप्रू, शिवस्वामी अय्यर व जीना यांच्यासह अल्पमताच्या अहवालावर सही करून द्विदल राज्यपद्धती मुळातच सदोष असल्याचे मत नोंदविले. युक्तिवाद, आकडे आणि कायद्याची चौकट ह्यांच्या बळावर हक्क मिळविता येतात, ही त्यांची निष्ठा होती.

ह्याच निष्ठेची खरी कसोटी ऑस्ट्रेलियात लागावयाची होती. १९०१ च्या निर्बंधक कायद्याने त्या देशाने गोरेतरांना आपली दारे बंद केली होती. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. मात्र येणाऱ्यास युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा लिहावयास सांगण्याचा अधिकार अधिकाऱ्यास होता, आणि भाषेची निवडही तोच करी. साम्राज्य परिषदेच्या १९१८ च्या ठरावाने, आपल्या लोकसंख्येची घडण कशी असावी हे ठरविण्याचा प्रत्येक वसाहतीचा अधिकार हिंदुस्थानच्या प्रतिनिधींच्या संमतीने मान्य झाला. १९२१ च्या परिषदेने तेथे आधीच स्थायिक झालेल्या हिंदी लोकांना समान नागरिकत्व देण्याची शिफारस केली. दक्षिण आफ्रिकेने तीस नकार दिला. त्या शिफारशीच्या पाठपुराव्यासाठी श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा येथे गेले, आणि १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रजाजनांना संघराज्याच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला. नेमस्त पद्धतीने मिळविलेला हा विजय होता. पण तो आत असलेल्यांपुरता होता. दार बंदच राहिले, आणि ते बंद ठेवण्याच्या अधिकारास १९१८ मध्ये आपणच मान्यता दिली होती.

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या आगेकुचीमुळे ऑस्ट्रेलियाला आशियाकडे नव्याने पाहणे भाग पडले. दोन्ही देशांनी परस्परांकडे प्रतिनिधी पाठविण्याचे ठरविले, आणि १९४४ च्या अखेरीस परांजपे कॅनबेराला पोहोचले. हे पद चमत्कारिक होते. स्वतंत्र देशाचा वकील आपल्या सरकारची इच्छा मांडतो. येथे ते सरकारच परकीय सत्तेचे अंग होते. दिल्लीत राष्ट्रकुल-संबंधांचे खाते त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होते. पाठीशी सैन्य नाही, व्यापारी दडपण आणण्याची मोकळीक नाही, स्वदेशातील प्रबळ पक्षाचे नेते तुरुंगात, अशा स्थितीत वकिलाच्या हाती शब्दाखेरीज दुसरे साधन नव्हते. त्यातच १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियाने स्वतंत्र आगमन-खाते स्थापून युरोपातून वसाहतकरी आणण्याचे धोरण जोमाने सुरू केले. लोकसंख्या वाढविण्याची निकड त्या देशाला पटली होती. वर्णाची अट सोडण्याची मात्र पटली नव्हती.

२ सप्टेंबर १९४६ रोजी दिल्लीत हंगामी सरकार आले आणि परराष्ट्र व राष्ट्रकुल-संबंध ही खाती जवाहरलाल नेहरूंनी स्वीकारली. ज्या पक्षाच्या असहकारितेस व कायदेभंगास परांजप्यांनी आयुष्यभर विरोध केला, त्याच पक्षाचा नेता त्यांचा वरिष्ठ झाला. ज्या नैतिक अधिकारासाठी नेमस्तांनी तीन दशके साम्राज्य परिषदांत युक्तिवाद केले, तो त्यांच्या वकिलाच्या हाती आला तो प्रतिपक्षाच्या चळवळीमुळे. नेमस्त राजकारणाच्या मर्यादेचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आढळणे कठीण. तथापि त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. परकीय राजधानीत आपल्या देशाची बाजू संयमाने मांडणारी, कायद्याची भाषा जाणणारी माणसे नव्या राज्याला तयार मिळाली, ती ह्याच परंपरेतून.

१९४७ नंतर परांजपे पुण्यास परतले. विवेकवादी चळवळीशी त्यांचा संबंध जुना होता. १९४९ मध्ये मद्रासला निघालेल्या इंडियन रॅशनॅलिस्ट असोसिएशनचे ते पहिले अध्यक्ष झाले. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले होते. पहिले कुलगुरू बॅ. जयकर यांच्यानंतर १९५६ मध्ये परांजप्यांनी ती धुरा घेतली आणि १९५९ पर्यंत वाहिली. पूर्वी मुंबईच्या गव्हर्नराचे पावसाळी निवासस्थान असलेल्या गणेशखिंडीच्या वास्तूत, साम्राज्य सरकारचा हा माजी प्रतिनिधी स्वतंत्र देशाच्या विद्यापीठाचा प्रमुख म्हणून बसला. लखनौ विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी १९३२ ते १९३८ मध्ये भूषविले होते. तेव्हा हे काम त्यांना नवे नव्हते.

ते गणेशखिंडीत असतानाच, १९५८ मध्ये, ऑस्ट्रेलियाने ती उताऱ्याची परीक्षा रद्द केली. ह्याचे श्रेय परांजप्यांच्या वकिलातीस देणे इतिहासास धरून होणार नाही. ते बदललेल्या आशियाचे व ऑस्ट्रेलियातील अंतर्गत मतपरिवर्तनाचे फळ होते. परंतु फलप्राप्ती हाच निकष लावला, तर नेमस्तांचा बहुतेक इतिहास निष्फळ म्हणून वगळावा लागेल, आणि स्वतंत्र भारताच्या परराष्ट्रसेवेने आपली रीत कोठून उचलली ह्याचा उलगडा होणार नाही. दिल्लीचे राष्ट्रकुल-संबंध खात्याचे कागद आणि कॅनबेराचे दप्तर समोरासमोर ठेवून हा कालखंड अभ्यासावयास हवा. ६ मे १९६६ रोजी परांजपे पुण्यात निवर्तले. आत्मचरित्राला त्यांनी ‘एटी-फोर नॉट आउट’ हे इंग्रजी नाव दिले होते. त्यांच्या दीर्घ आयुष्यातील कॅनबेराची तीन वर्षे संख्येने थोडी. पण ज्या विचारावर ते सारे आयुष्य उभे होते, त्याचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही त्याच वर्षांत एकत्र दिसतात.