मुर्शिदाची पारख

‘पानी पीना छान के, गुरू करना जान के’ ही म्हण आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकली असेल. तरीही मुंबईच्या लोकलमध्ये चिकटवलेली ‘बाबा बंगाली’ची जाहिरात वाचून फोन लावणारी माणसे कमी नाहीत. कर्ज, आजारपण, मुलीचे न जुळणारे लग्न यांनी माणूस हतबल होतो आणि नेमका तेव्हाच कोणी तरी स्वतःला आमिल किंवा पीर म्हणवीत समोर येतो. त्याला प्रश्न विचारला, की उत्तर तयार असते : बुजुर्गांवर शंका घेणे ही बेअदबी! हे कितपत खरे आहे, ते बुजुर्गांच्याच ग्रंथांत पाहू.

हजरत अली हुजवेरी, म्हणजे लाहोरचे दाता गंजबख्श, अकराव्या शतकातले. त्यांच्या ‘कश्फुल महजूब’ या फारसी ग्रंथाच्या आरंभीच एक कडू अनुभव आहे. त्यांचा कवितासंग्रह एकाने वाचायला नेला आणि त्यांचे नाव पुसून स्वतःच्या नावावर खपवला. दुसऱ्या एका ग्रंथाचीही तीच गत झाली. तोतये तेव्हाही होते. नुसती ठिगळांची गुदडी पांघरून कोणी सूफी होत नाही, हेही हुजवेरींनी बजावले आहे. ते सांगतात, की मुर्शिद नव्या शिष्याला तीन वर्षे पारखतात : एक वर्ष लोकांची सेवा, एक वर्ष अल्लाहची बंदगी, एक वर्ष स्वतःच्या मनाची राखण. जिथे गुरू शिष्याला तीन वर्षे तपासतो, तिथे शिष्याने गुरूला तीन दिवसही तपासू नये?

इमाम गझाली तर स्वतःवरच शंका घेत होते. बगदादच्या निजामिया मदरशातले ते सर्वांत नामवंत शिक्षक. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नसून नावलौकिकासाठी, हे त्यांना उमगले आणि १०९५ मध्ये त्यांनी ते पद सोडले. आपली नियत तपासण्याचे धाडस ढोंगी माणसाजवळ नसते. तो तपासतो तो दुसऱ्याचा खिसा.

आपल्या मातीतही हा वारसा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे चांद बोधले यांचे शिष्य. मुसलमान घरात जन्मलेल्या या संतकवीने १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ पूर्ण केला, तोही सामान्यांना कळणाऱ्या मराठीत. गुरूवर त्यांची अपार श्रद्धा होती. तरीही ढोंगी गुरूंवर त्यांनी कठोर कोरडे ओढले. खरा गुरू लाभला होता म्हणूनच त्यांना खोटा ओळखता आला.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून गंडेदोरे करणे हा त्यानुसार गुन्हा आहे, मग करणारा कोणत्याही धर्माचा असो. पण बदनामीच्या भीतीने आपण तक्रारच केली नाही, तर कायदा काय करणार? फसलेल्या बाईला आधी घरातच बोल लावले जातात आणि बाबा पुढच्या मोहल्ल्यात दुकान मांडतो.

म्हणून मुर्शिद शोधणाऱ्याने निदान एवढे पाहावे : तो पैसे मागतो का, औषध बंद करायला लावतो का, ही गोष्ट घरच्यांपासून लपवायला सांगतो का? यांतले एकही उत्तर ‘हो’ असेल, तर तिथून उठून यावे. त्यात बेअदबी नाही.